साखळीच्या आतली खाडी

खाडीत रोवलेला खुंट हाताने उपटून निघत नाही. ओहोटीला त्याला होडी आवळून बांधायची आणि भरतीची वाट बघायची. पाणी चढत जातं तशी होडी वर येते आणि खुंटाला मुळासकट ओढून काढते. माझे सासरे लडकू तांडेल, म्हणजे आबा, त्या दिवशी कमरेभर चिखलात उभे राहून दोर आवळत होते. मी बांधावर होते. माझ्या शेजारी वासेकर मॅडम उभ्या होत्या आणि आमच्या मागे निम्मं गाव.

त्या खुंटांना आमच्याकडे बोक्शीची जाळी बांधत. पाणी उतरायला लागलं की त्याबरोबर कोळंबी, बोय, खरबी, जे काय असेल ते जाळ्यात येऊन पडायचं. उंबरखारच्या खाडीत अशा खुंटांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेला घराचं नाव होतं. आबांची रांग त्यांच्या वडिलांपासूनची. गावाने ठरवलं होतं की लडकू तांडेलने आपले खुंट काढले तर बाकीचे काढतील. म्हणून सगळे बघायला आले होते.

पाणी चढलं. होडी एका बाजूला कलली, दोर कुरकुरला आणि पहिला खुंट बुडबुडे सोडत वर आला. आबा होडीतून उतरून बांधावर आले, डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "तुज्या शबदावर काढतंय. या बाईच्या नाय."

मॅडमनी ते ऐकलं. हसून म्हणाल्या, माझ्यावर एवढाही भरवसा नाही का, आबा? आबांनी दोर सोडवला. ते दुसऱ्या खुंटाकडे गेले.

उंबरखार म्हणजे खाडीकाठचा आमचा कोळीवाडा. मी लग्न होऊन आले तेव्हा घराच्या मागच्या दारातून थेट पलीकडचा डोंगर दिसायचा. माझी मुलगी शाळेत जाईपर्यंत तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिले होते. पहाटे ट्रक यायचे, तिवराच्या झाडांत पाडकामाचं राबीट ओतायचे आणि जायचे. आज जिथे चिंबोऱ्यांची बिळं होती तिथे उद्या विटांचे तुकडे. आम्ही तक्रारी केल्या, मोर्चा नेला, काही झालं नाही. त्यामुळे ही खाडी आता संरक्षित होणार, पक्ष्यांसाठी राखणार, भराव कायमचा बंद होणार असं कळलं तेव्हा गावाला बरंच वाटलं होतं. पण त्याबरोबर दुसरी गोष्ट आली. आतल्या खाडीतली बोक्शी बंद. खुंट काढायचे.

गाव चिडलं. आधी जे अधिकारी आले त्यांना लोकांनी बसूही दिलं नाही. मग त्यांच्या जागी वासेकर मॅडम आल्या.

मेघना वासेकर चंद्रपूरकडच्या. बदली होऊन इथे येईपर्यंत समुद्र पाहिलाच नव्हता असं त्या स्वतः सांगायच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, अंगाने किरकोळ, आणि आवाज असा की समोरच्याला आपोआप हळू बोलावंसं वाटे. त्या आल्या तेव्हा त्यांनी सभा घेतली नाही. आमच्या बायका मासळी सुकवत होत्या तिथे येऊन बसल्या आणि हे काय, ते काय विचारू लागल्या. चांगुणावहिनीने त्यांची मस्करी केली, सुका जवळा हातावर ठेवून खा म्हणाली. त्यांनी खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं तरी खाल्ला. नंतर माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही किती शिकलात? मी म्हटलं, बारावी. त्या म्हणाल्या, मग इथे काय करताय?

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माहेरी नाही, सासरीही नाही.

त्यानंतर त्या आमच्या घरी येऊ लागल्या. मी त्यांच्याबरोबर बांधावरून फिरायची. आम्ही ज्यांना सरसकट बगळे म्हणायचो त्यांच्यात किती जाती आहेत ते त्यांनी मला दाखवलं. रोहित, शेकाट्या, तुतारी, कुदळ्या, चमच्या. कुठला पक्षी कुठून उडत येतो, किती लांबून येतो, हे सांगताना त्या स्वतःच हरखून जायच्या. पाहुण्यांना खाडी दाखवायला गावातलीच माणसं घ्यायची असं त्यांनी ठरवलं होतं आणि पहिलं नाव माझं घातलं. हिरवा शर्ट मिळाला, खिशावर माझ्या नावाची पट्टी. वैजयंती जनार्दन तांडेल. माझा नवरा मोठ्या बंदरात क्रेनवर होता. तो म्हणाला, आपल्या घरात नावाची पट्टी असलेली तू पहिली.

त्याच पावसाळ्यात माझ्या ऋतुजाला डेंग्यू झाला. जनार्दन पाळीवर, आबा बाहेर, गल्लीत गुडघाभर पाणी. मी मॅडमना फोन केला. त्या स्वतः जीप घेऊन आल्या, पोरीला उचलून घेतलं, आणि ती शुद्धीवर येऊन जेवायला मागेपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याजवळ बसून राहिल्या. माझी सख्खी बहीण आली नाही, त्या आल्या.

एवढं झाल्यावर त्यांनी जेव्हा मला गावाची समजूत घालायला सांगितलं, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. आतली बोक्शी गेली तरी बाहेर समुद्रात जाळी टाकता येतील, हे ठीक. पण बाहेर जायला आमचं बंदर आहे, आणि बंदरातून समुद्राला जायची पाण्याची वाट एकच आहे. ती खाडीच्या मधून जाते. ती उघडी राहील ना?

आमच्या उंबऱ्यावर बसून, चहाचा कप हातात धरून त्या म्हणाल्या होत्या, "वाट उघडीच राहणार, ताई. मी आहे ना."

गावदेवीच्या देवळासमोर मी ते गावाला सांगितलं. बायका-पुरुष सगळे होते. बंदर आपलंच राहणार, वाट आपलीच राहणार, कोणी अडवणार नाही, मी विचारून आलेय. लोकांनी उलटसुलट प्रश्न केले आणि मी सगळ्यांना उत्तरं दिली. मला बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी आबा उठले आणि म्हणाले, सून सांगते तर मी माझे खुंट काढतो. तिथे गोष्ट संपली.

खुंट निघाले. आतली खाडी मोकळी झाली. थंडी पडायच्या सुमारास रोहित पक्षी आले, आणि खुंट-जाळी नसल्यामुळे ते आधी कधी उतरत नव्हते तिथेही उतरले. मी आणि मॅडम फळ्यांच्या नव्या वाटेवर उभ्या राहून बघत होतो. त्यांनी माझा हात धरला होता.

मार्गशीर्षात एका सकाळी मी पाहुण्यांसाठी खाडीकाठी बांधलेल्या नव्या पक्षी केंद्रावर जायला निघाले. उद्घाटन जवळ आलं होतं, सगळीकडे रंगकाम चालू होतं. बांधाच्या वळणावर आले तर खाडीच्या तोंडाशी एक तराफा उभा होता आणि त्यावरून लोखंडी पाइप तळात ठोकत होते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नारिंगी फुगे बांधलेली जाड साखळी पसरून ठेवली होती. पाइप आमच्या वाटेच्या बरोबर मधे होते.

मला वाटलं, जागा चुकली. मी अंगावरच्या शर्टाच्या जोरावर त्यांना काम थांबवायला सांगितलं. मुकादम चांगला माणूस होता, त्याने यंत्र बंद करायला लावलं आणि मला समजावून सांगितलं, की हे आतलं बंद क्षेत्र आहे, साखळीच्या आत बोट येणार नाही, आतली बाहेर जाणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय. तो म्हणाला, काल मॅडम स्वतः तराफ्यावर येऊन जागा दाखवून गेल्या.

तरीही मला चूकच वाटली. केंद्रापर्यंत मी जवळजवळ पळत गेले.

मॅडम त्यांच्या खोलीत एकट्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "मॅडम, ते पाइप भलत्या जागी ठोकतायत. वाटेवरच."

"बसा, ताई."

"बसत नाही. पाणी चढायच्या आत त्यांना सांगायला हवं."

"भलत्या जागी नाही," त्या म्हणाल्या.

त्या उठून खिडकीशी गेल्या आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या. भरतीच्या वेळी पक्षी जिथे टेकतात ते उंचवटे आमच्या वाटेला लागूनच आहेत. होडी गेली की सगळा थवा उठतो, पुन्हा बसेपर्यंत त्यांची ताकद संपते. ज्या तज्ज्ञांच्या शिफारशीवर खाडीला संरक्षण मिळालं त्यांनी सुरुवातीलाच अट घातली होती, की आतून एकही होडी जाता कामा नये. अट मान्य नसेल तर संरक्षण नाही. संरक्षण नाही तर भराव. आणि त्यावर दोन वर्षांत टॉवर. गावासाठी साखळीच्या बाहेर, हमरस्त्याच्या पुलाखाली नवा धक्का बांधणार होते.

मी म्हटलं, तिथे ओहोटीला पाणी नसतं. त्या म्हणाल्या, माहीत आहे, गाळ काढायचं मी मंजूर करून घेईन.

हे सगळं मला ऐकू येत होतं, पण माझं मन एकाच ठिकाणी अडकलं होतं.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

त्या काहीही सांगू शकल्या असत्या. परवा कळलं, वरून आलं, माझ्या हातात नव्हतं. त्यांनी तसं केलं नाही.

"पहिल्यापासून."

"आबांनी खुंट काढले तेव्हा?"

"तेव्हाही."

"माझ्या उंबऱ्यावर बसून मला म्हणालात तेव्हा?"

त्यांनी मानेनेच हो म्हटलं.

"मग मला तरी का नाही सांगितलंत?"

त्या आता माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गावात तेच सांगितलं असतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, वैजयंतीताई. आणि गाव दुसऱ्या कोणाचं ऐकणार नव्हतं."

त्यांचे डोळे भरले होते. मला त्याचाच जास्त राग आला. रडायची पाळी त्यांची नव्हती. मी बाहेर आले आणि फळ्यांच्या वाटेवर जाऊन बसले. शाळेची सहल आली होती. मुलं मला पक्षी दाखवून नावं विचारत होती आणि मी नावं सांगत होते.

घरी आबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. बाहेरच्या समुद्रासाठी नवं जाळं. मी त्यांना सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. ते विणत राहिले. मग सुई थांबवून म्हणाले, "तू देवलासमोर बोललीस तवा तुना तां खरा वाटला व्हता ना?"

"हो."

"मंग झाला."

आणि पुन्हा विणायला लागले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी देवळासमोर गाव जमलं. तोपर्यंत साखळी चढलेली सगळ्यांनी पाहिली होती. मी गावासमोर तीच गोष्ट पुन्हा सांगितली, जशी मॅडमच्या तोंडून ऐकली तशी. या वेळी कोणी प्रश्न विचारले नाहीत. चांगुणावहिनी उभी राहिली. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सून म्हणून आलो होतो, तिचं बाळंतपण मी काढलं होतं. ती माझ्या शर्टाकडे बघून म्हणाली, "तुना ठावं नव्हता? रोज तिच्या पंगतीला बसतंस आनी तुना ठावं नव्हता? तुला पट्टी मिलाली नि आमची वाट गेली."

मी म्हटलं, शपथ घेते, मला माहीत नव्हतं. कोणीतरी मागून हसलं.

मी आबांकडे पाहिलं. ते खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एक वाक्य बोलावं, एवढंच मला हवं होतं. गावात त्यांचा शब्द चालत होता. ते म्हणाले असते की पोरीला फसवलं, तर लोकांनी मानलं असतं. मी वाट बघत राहिले. आबा खाली बघत बसून राहिले. सभा उठली आणि लोक माझ्या बाजूने वळसा घालून घरी गेले.

ते का बोलले नाहीत ते मी कधी विचारलं नाही. आपणच पहिला खुंट काढला, आता कोणत्या तोंडाने बोलायचं, असं त्यांना वाटलं असेल. की घरात म्हणाले ते मला बरं वाटावं म्हणून होतं आणि मनात दुसरं होतं? ते गेले तेव्हा हेही त्यांच्याबरोबर गेलं.

उद्घाटनाला पाहुणे म्हणून मोठी माणसं येणार होती. गावातर्फे स्वागताचे दोन शब्द मी बोलायचे हे आधीच ठरलं होतं. मॅडमनी निरोप पाठवला, तुमची इच्छा नसेल तर राहू द्या. मी कळवलं की बोलणार. जनार्दन म्हणाला, कशाला जातेस, सोड ती नोकरी. मी म्हटलं, आज जाऊ दे, मग बघू.

मांडव खाडीला पाठ करून उभारला होता. गावातले लोक आत आले नाहीत. ते बांधावर उभे होते, लांब, पण दिसतील एवढ्या अंतरावर. माझं नाव पुकारलं तेव्हा मी गेले आणि माइकसमोर उभी राहिले.

मी स्वागत केलं नाही. मी सांगितलं, की हे पक्षी बघायला तुम्ही आलात ते खाडी मोकळी झाली म्हणून आलेत. खाडी मोकळी झाली कारण आमच्या माणसांनी आपले खुंट स्वतः काढले. त्यांनी ते काढले कारण समुद्राला जायची वाट उघडी राहील असं त्यांना सांगितलं होतं. ते सांगणाऱ्याला तेव्हाच माहीत होतं की ती बंद होणार. आम्हाला फसवलं गेलंय. आमची वाट आम्हाला परत द्या.

पुढच्या रांगेतले पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, पोचलं. आता कोणीतरी विचारेल.

मॅडम उठल्या. माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्याभोवती हात टाकला आणि माझ्या हातातला माइक अलगद काढून घेतला. म्हणाल्या, "वैजयंतीताई भावुक झाल्यात. साहजिक आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सोडणं सोपं नसतं. उंबरखारच्या कोळी बांधवांनी या पक्ष्यांसाठी केवढा मोठा त्याग केलाय, ते तुम्ही आता त्यांच्याच तोंडून ऐकलंत. त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. मोठ्या झाल्या. मागच्या खुर्च्यांवरचे लोक उभे राहिले. प्रमुख पाहुण्यांच्या हातात कोणीतरी शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि मी काही म्हणायच्या आत ती शाल माझ्या खांद्यावर होती. फोटोवाले पुढे आले. मी ओरडायला पाहिजे होतं, शाल फेकून द्यायला पाहिजे होती, असं नंतर पुष्कळांनी मला सांगितलं. पण ज्या आवाजात त्यांनी माझ्या तापलेल्या पोरीला झोपवलं होतं त्याच आवाजात त्या बोलल्या होत्या. त्यांचा हात तेव्हाही माझ्या खांद्यावर होता आणि तो ऊबदार होता.

वारा उलट्या बाजूचा होता. बांधावरच्या लोकांपर्यंत माझं बोलणं गेलं नाही. त्यांना शाल दिसली.

पुढे अर्ज झाले, बैठका झाल्या. पुलाखालचा धक्का बांधला, गाळ एकदा काढला आणि पुढच्या पावसात तो पुन्हा भरला. आबा काही दिवस तिथून गेले. ओहोटीला होडी चिखलात बसायची आणि ते पाण्याची वाट बघत पुलाखाली एकटे बसून राहायचे, वरून गाड्या जात असायच्या. मग त्यांनी होडी विकली. पुढच्या श्रावणात ते गेले.

मी नोकरी सोडली नाही. घरात आता खाडीचं काही येत नव्हतं आणि जनार्दनच्या एकट्याच्या पगारात ऋतुजाचं शिक्षण होणार नव्हतं. गावाने आधी मला वाळीत टाकल्यासारखं केलं, नंतर सवय झाली. चांगुणावहिनी माझ्याशी अजून बोलत नाही, पण तिच्या सुनेला मीच केंद्रावर लावलं. खाडीबद्दल म्हणाल तर मॅडमचं खरं ठरलं. भराव थांबला. तिवराची झाडं पुन्हा वाढली. दरवर्षी आधीपेक्षा जास्त पक्षी येतात. हे मी लपवत नाही, पाहुण्यांनाही सांगते. आणि हेही सांगते, की इथून कोळ्यांची वाट जात होती, ती उघडी राहील असं त्यांना सांगितलं होतं आणि ती राहिली नाही. केंद्राच्या बोटीतून साखळीच्या बाहेरून चक्कर मारताना एका ठरावीक वळणावर मी हे सांगते. वरच्या साहेबांनी एकदा हटकलं, मी सांगणं बंद केलं नाही.

मॅडमची बदली उद्घाटनानंतर लवकरच झाली, बढतीवर. सणावाराला त्यांचे मेसेज यायचे. मी उत्तर द्यायची नाही.

गेल्या थंडीत त्या आल्या. आगाऊ काही न कळवता, बाहेरगावच्या पाहुण्यांच्या घोळक्यात, रांगेत उभ्या राहून. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. मी तिकिटं बघत होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि ऋतुजा कशी आहे विचारलं. मी सांगितलं, नर्स झाली, नेरळला दिलीय. "किती छान," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांना छान वाटलं होतं. तेच मला कळत नाही. बाकावर माझ्याजवळ बसलेली बाई कोण होती, आणि उंबऱ्यावर बसून मला शब्द देणारी कोण होती? एकच असेल तर तिने ते कसं केलं? पोरगी तापली होती तेव्हाही तिच्या मनात कुठेतरी असेल का, की ही बाई आता माझं ऐकेल?

बोटीत त्या माझ्यासमोरच्या फळीवर बसल्या. भरती होती, साखळीपलीकडच्या उंचवट्यांवर रोहित पक्षी खचाखच बसले होते. पाहुणे फोटो काढत होते. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या, जणू हे आपण दोघींनी मिळून केलंय. मला वाटतं त्या त्यासाठीच आल्या होत्या.

ते वळण आलं. मी नेहमीसारखं सांगितलं, इथून वाट जात होती, ती उघडी राहील असा शब्द दिला होता, त्या शब्दावर लोकांनी खुंट काढले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कोणी दिला होता शब्द?"

हा प्रश्न पाहुणे बहुतेक वेळा विचारतात. मी सांगते, एका अधिकाऱ्यांनी. त्या दिवशी मी गप्प राहिले. मी मॅडमकडे पाहिलं आणि थांबले. फार नाही, एखाद्याला श्वास घेऊन तोंड उघडायला लागेल तेवढा वेळ. त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा बदलला, ओठ थोडे हलले. नाव सांगायचीही गरज नव्हती. नुसतं "मी" म्हणायचं होतं. त्या गृहस्थांनी ऐकून मान डोलावली असती आणि विषय संपला असता. त्यांचं काही गेलं नसतं.

मॅडमनी गळ्यातली दुर्बीण उचलली, डोळ्यांना लावली आणि पलीकडच्या काठाकडे बघू लागल्या. पलीकडे त्या वेळी काही नव्हतं. नुसतं पाणी होतं.

म्हातारे गृहस्थ अजून माझ्याकडे बघत होते. मी बोट चालवणाऱ्याला वळवायला सांगितलं.